म्हणे, एक खमक्या माणूस हवा!

मंडळी, आज जरा भांडायचा विचार आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, गाडीच्या डब्यात ऐकू येतं, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॅप गटावर तर आठवड्यातून दोनदा येतंच. "या देशाला एक खमक्या माणूस हवा. तो छडी घेऊन उभा राहिला की बघा कशी कामं होतात!"

छडीच्या धंद्यात उभी हयात काढलेली बाई म्हणून सांगते. छडीने वर्ग गप्प बसतो. गणित येत नाही.

आता गंमत अशी, की हे वाक्य म्हणणारा माणूस पुरावा म्हणून हमखास कोकण रेल्वेच पुढे करतो. "श्रीधरन आले म्हणून झाली, नाहीतर आपल्या नातवंडांनीसुद्धा पाहिली नसती!" मी कोकणातली. एसटीत रात्रभर गुडघे मुडपून, कशेडीच्या वळणांवर पोट सांभाळत मुंबई गाठलेल्या पिढीतली. कोकण रेल्वेचं कौतुक मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच तिच्या नावावर चुकीचा धडा शिकवला गेला की राग येतो. चला तर, हा पुरावाच जरा तपासू या.

पहिली गोष्ट. कोकणात रेल्वे हवी ही मागणी १९९० साली आकाशातून पडली नव्हती. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बॅ. नाथ पै यांनी ती दिल्लीत मांडली. मधु दंडवते राजापूर मतदारसंघातून ओळीने पाच वेळा निवडून आले आणि त्यांनी तो धागा सोडला नाही. मग १९८९ च्या अखेरीस एक योग जुळून आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री आणि रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. एक राजापूरचा खासदार, एकाचा जन्म मंगळूरचा, एक उत्तर कन्नड जिल्ह्यातला. ज्याला मार्ग हवा तो, ज्याच्याकडे तिजोरी तो आणि ज्याच्याकडे योजनेची मंजुरी तो, असे तिघे एका बाजूला बसले. यातला एक जरी दुसरीकडे तोंड करून बसला असता, तर श्रीधरनसाहेब निवृत्त होऊन केरळात आरामात राहिले असते.

दुसरी गोष्ट पैशाची. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी चिमूटभर पैसा घेत बसलं असतं तर मार्ग कधी पुरा झाला असता, याचं गणित चौथीतल्या मुलालाही घालता येईल. म्हणून जुलै १९९० मध्ये वेगळं महामंडळ काढलं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला मोठा भाग रोखे काढून उभा केला. केरळातून तर या मार्गाचा एक किलोमीटरही जात नाही, तरी त्याने पैसे घातले, कारण मुंबईला येणाऱ्या त्याच्या माणसांची वाट जवळची होणार होती. चार राज्यं आणि केंद्र एका ताटात जेवायला बसवणं किती कठीण, हे घरातल्या पाच भावंडांची वाटणी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. या कामाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण शंभर किलोमीटर आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. त्याला निर्णयाचे अधिकार दिले, म्हणजे दर वेळी फाईल घेऊन बेलापूरला धावायला नको. कंत्राटदारांची बिलं अडवून न ठेवता लवकर चुकती करायची पद्धत ठेवली. जमीन चाळीस हजारांहून अधिक लोकांची होती. त्यांच्याशी माणसं जाऊन बोलली. कोकणातल्या माणसाकडून आंब्याचं कलम आणि वाडवडिलांचं परडं सोडवून घेणं म्हणजे काय, ते आम्हीच जाणतो. ते काम नुसत्या छडीने झालेलं नाही.

आता सांगा, हे सगळं करणारी माणसं कोण होती? बरीचशी रेल्वेतूनच आलेली. त्याच खात्यात शिकलेली, तोच देश. माणसं तीच, मांडणी वेगळी. यालाच व्यवस्थापन म्हणतात. त्यासाठी टाय लावावा लागत नाही.

"पण बाई, ही मांडणी केली कुणी? श्रीधरननीच ना?" हा प्रश्न येणार. अगदी बरोबर आहे, आणि त्याला मी बगल देणार नाही. त्यांचं मोठेपण मला मान्य आहे. पण ते नेमकं कशात होतं? सात जागचे निर्णय त्यांनी आपल्या मुठीत ठेवले नाहीत, यात होतं. खमक्या माणूस म्हणजे सगळं स्वतः ठरवणारा, अशी आपली कल्पना. इथे उलट होतं. काय करायचं आणि कधीपर्यंत, हे वरून पक्कं. कसं करायचं, हे जागेवरच्या माणसाकडे. ज्याला दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नाही त्याला फार तर हुकूम सोडता येतील, बोगदा खणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच काम नाही. सात जणांची समिती नेमली की सातही जण एकमेकांकडे बोट दाखवतात." हे मला शंभर टक्के मान्य! आयुष्यभर शाळेत समित्या पाहिल्या आहेत. स्नेहसंमेलनाची समिती, सहलीची समिती, आणि समित्यांच्या कामाचा आढावा घेणारी समिती. पण समिती आणि संघ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समितीत कामापुढे कुणाचं नाव नसतं. संघात प्रत्येक कामापुढे एक नाव असतं, आणि त्या नावाला लागेल ती मदत करणं हे बाकीच्यांचं काम असतं. खो-खोत नऊ जण खेळतात, पण पाठलाग एका वेळी एकच करतो. त्याने खो कुणाला आणि कधी द्यायचा, हे ठरलेलं नसेल तर आठ जण नुसते उकिडवे बसून राहतील.

पटत नसेल तर रेल्वेशेजारचा रस्ता पाहा. मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि २०२५ चे गणपती घरी येऊन गेले तरी ते पुरं झालेलं नव्हतं. रेल्वेची पायाभरणी सप्टेंबर १९९० मध्ये रोह्याला झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग सुरू झाला. सात वर्षं चार महिने. रस्त्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळही पुरला नाही! तिथे खमक्या माणसांची वाण होती का? मुळीच नाही. पाहणी दौरे झाले, खडसावणं झालं, नव्या तारखा जाहीर झाल्या. पण पनवेल ते इंदापूर एका यंत्रणेकडे, पुढचा झारापपर्यंतचा दुसऱ्या यंत्रणेकडे, त्याचे पुन्हा अनेक तुकडे, कंत्राटदार बदललेले, भूसंपादन ठिकठिकाणी अडलेलं. तुकडे तर रेल्वेचेही पाडले होते म्हणाल. होय, पण त्या सात तुकड्यांचा धनी एक होता आणि मार्ग जोडून देण्याची जबाबदारी त्याची होती. वाहत्या रस्त्यावर काम करणं अवघड असतं, हेही मी धरून चालते. म्हणून तर तिथे मांडणी अधिक चोख हवी होती.

आता एक खरं बोलते, कारण निव्वळ आरती ओवाळायची नाही. कोकण रेल्वेचं काम पाच वर्षांत पुरं करायचं ठरलं होतं. तसं ते झालं नाही, आणि खर्चही पुष्कळ वाढला. गोव्यात मार्गावरून मोठा वाद झाला, काम थांबलं, १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी गेली. पेडण्याच्या बोगद्यातली माती पुनःपुन्हा ढासळत राहिली. काम करताना कितीतरी मजुरांचे जीव गेले. त्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकापाशी आहे. आणि मार्ग सुरू झाल्यावर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली, गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेसला करंजाडीजवळ अपघात झाला.

चमत्कार मानणाऱ्यांना हे अपघात अडचणीचे वाटतात, म्हणून ते त्यांच्या गोष्टीत नसतात. मला ते गोष्टीतच हवे आहेत. कारण खरं व्यवस्थापन पुढे दिसलं. डोंगराचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, आणि पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक आलं. गाड्या मुद्दाम हळू चालवायच्या! "वेग वाढवा" म्हणणारा खमक्या पुष्कळ मिळतो. "वेग कमी करा, लोक ओरडले तरी चालतील" असं सगळ्यांनी मिळून ठरवायला आणि दर वर्षी पाळायला जास्त हिंमत लागते. भर पावसात, काळोखात, हातात दिवा घेऊन रूळ तपासत चालणारा गस्तीवाला आपल्या कुणाच्या पुराव्यात नसतो. तो एक रात्र झोपला तर दिल्लीतल्या कुठल्याही खमक्याचा उपयोग नाही.

आणि तरीही निसर्ग हार मानत नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक बंद पडली होती. असं काम एकदा करून संपत नाही. ते रोज सांभाळावं लागतं, आणि रोज सांभाळायला वीरपुरुष येत नसतात.

हे मला एवढं का लागतं? कारण "एक खमक्या माणूस हवा" या वाक्यात एक सोय लपलेली आहे. तो येईपर्यंत आपण मोकळे! आला आणि काम झालं तर जयजयकार करायचा, नाही झालं तर "तोही तसलाच निघाला" म्हणायचं. आपल्या वाटणीचं काम कुठेच नाही.

एका शाळेतलं सांगते. नाव सांगत नाही. दहावीची मुलं सकाळच्या जादा तासाला येत नव्हती. आधी नेहमीप्रमाणे "मुलं आळशी आहेत" असा निकाल लागला. मग आमच्या लिपिकाने हजेरीपट घेऊन कोण येत नाही त्यांची यादी केली. सगळी पलीकडच्या तीन वाड्यांतली! सकाळची एसटी तास संपल्यावर पोचायची. तास संध्याकाळी घेतला, शाळा सुटल्यापासून शेवटच्या गाडीपर्यंतच्या वेळात. गणिताच्या सरांनी आणि मी वार वाटून घेतले. शिपाईमामा रोज दीड तास जास्त थांबले, कंदील पुसून ठेवायचे कारण वीज केव्हाही जायची. त्या वर्षी निकाल चांगला लागला. सत्कार झाला तेव्हा शाल आणि नारळ मिळाला एकाच व्यक्तीला, जी त्या तासांना एकदाही फिरकली नव्हती. शाल मला मिळाली नाही याचं सोडा. शिपाईमामा मागे खुर्च्या मांडत होते, ते मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. मुलंही ते पाहत होती. मोठं काम कसं होतं याचा जो धडा त्यांनी त्या दिवशी घेतला, तो आम्ही वर्षभर शिकवलेल्याच्या अगदी उलटा होता.

आणि घरात तरी दुसरं काय शिकवतो? "कितवा आलास?" हा पहिला प्रश्न. "कुणाला समजावून सांगितलंस?" हा कधीच नाही. मग हीच मुलं मोठी होऊन एकत्र काम करत नाहीत म्हणून टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट सांगून आपण हसतो. खेकड्यांना नावं ठेवण्याआधी टोपली कुणी विणली, तेही विचारा की!

तेव्हा माझ्या भाच्या-पुतण्यांनो आणि ब्लॉगवरच्या मित्रमंडळींनो, पुन्हा ते वाक्य तोंडावर आलं तर आधी चार प्रश्न विचारा. काम नेमकं काय आणि कधीपर्यंत? कुठल्या कामापुढे कुणाचं नाव? त्याला निर्णयाचा अधिकार आणि पैसा मिळाला का? आणि पुरं झाल्यावर रोज सांभाळणार कोण? सोसायटीची पाण्याची टाकी असो की देशाचा महामार्ग, उत्तरं मिळाली तर खमक्या माणसाची गरज फारशी उरत नाही. नाही मिळाली तर तो येऊनही उपयोग नाही.

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल त्यांनी खुशाल भांडायला यावं, चहा तयार आहे. आणि या पावसाळ्यात कोकण रेल्वेची गाडी उशिरा पोचली, तर कुरकुरण्याआधी त्या दिवेवाल्याची एकदा आठवण काढा.