रानात पाहुणे म्हणून जावे!

मे महिना सरत येतो, वळवाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या परिसरात निसर्गाचा दीपोत्सव सुरू होतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा वृक्षांवर असंख्य काजवे उतरतात. अंधारात एखादे झाड क्षणात उजळते, क्षणात विझते आणि त्याच लयीत शेजारचे झाड त्याला उत्तर देते. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्याला शहरातील रोषणाई त्यानंतर फिकीच वाटते.

हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च असे कळसूबाई शिखर, रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, साम्रदची सांदण दरी आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय. तंबू ठोकून रात्र काढावी, तर यासारखे ठिकाण विरळाच. म्हणूनच मुंबई, पुणे, नाशिक येथून शनिवार-रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे येथे लोटतात. मुलांना चार भिंतींबाहेरचे आकाश दिसावे, ही पालकांची ओढ स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो तेथे जाऊन आपण काय करतो, याचा.

काजव्याचा प्रकाश आपल्या मनोरंजनासाठी नसतो. उडणारा नर तो संकेत मादीला देत असतो आणि झुडपात, गवतात बसलेली मादी आपल्या मंद प्रकाशाने त्याला प्रतिसाद देते. वर्षातील बहुतेक काळ हा कीटक अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायींवर जगतो. पंख फुटल्यानंतरचे त्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. तेवढ्या अवधीत त्याला पुढच्या पिढीची तजवीज करायची असते. नेमक्या त्याच रात्री आपल्या मोटारींचे प्रखर दिवे, विजेऱ्या आणि भ्रमणध्वनीचे झोत त्या झाडांवर पडतात. नराचा संकेत मादीला दिसत नाही, मादीचे उत्तर नराला दिसत नाही. तंबूखाली गवत चेपले जाते, शेकोटीत पालापाचोळा जळतो, पायांखाली अळ्या व माद्या चिरडल्या जातात. जे पाहण्यासाठी आपण शेकडो रुपये मोजून आलो, त्याचाच वंश आपण खुंटवत असतो. त्यात ध्वनिक्षेपकावर मोठ्याने लावलेली गाणी आणि मद्याच्या फुटलेल्या बाटल्या यांची भर पडली, म्हणजे अभयारण्यातील 'अभय' कोणाला, असा प्रश्न पडतो.

मग पर्यटनच बंद करावे काय? हा उपाय सोपा आहे, पण न्याय्य नाही. ज्या महादेव कोळी समाजात राघोजी भांगरे यांच्यासारखा, १८४८ साली इंग्रजांनी ठाण्यात फासावर चढविलेला क्रांतिवीर जन्मला, त्या समाजाची घरे याच डोंगरांत आहेत. पावसाळी भातशेती आणि हिरडा गोळा करण्यापलीकडे येथे उत्पन्नाची साधने फार नाहीत. वाटाड्याचे काम, अंगणात उभारलेले तंबू, चुलीवरची भाकरी यांतून या वनवासी बांधवांच्या हाती चार पैसे येतात. ते हिरावून घेण्याचा अधिकार शहरात बसलेल्या निसर्गप्रेमींना नाही.

बंदीऐवजी मर्यादा हवी. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एकाच लयीत चमकणारे काजवे पाहण्यासाठी सोडत काढून मोजक्याच वाहनांना प्रवेश दिला जातो आणि विजेरीवर लाल किंवा निळा कागद लावण्यास सांगितले जाते. संयमाचा हा विचार आपल्याला परका नाही. देवराईतील वाळलेली काटकीही न उचलण्याची रीत सह्याद्रीतल्या गावांनी कोणत्याही कायद्यावाचून पाळली. आता तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग पेटविण्यास त्यात मनाई आहे. दर रात्रीची पर्यटकसंख्या ठरवावी, वाहने गावाच्या वेशीवर थांबवावीत, तेथून स्थानिक वाटाड्यासह लहान गटांनी पायी जावे आणि मुक्काम रानात न करता गावाच्या अंगणात करावा. यात वनखाते, ग्रामसभा आणि पर्यटक या तिघांनाही आपापला वाटा उचलावा लागेल.

मात्र सर्व भार शासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. दिवंगत अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील आपल्या दीर्घ सेवेत रानाची भाषा शिकून घेतली, ती निमूटपणे पाहून आणि ऐकून. आपल्या मुलांना आपण एका रात्रीपुरते तरी तसे बसायला शिकवू शकतो. विजेरी विझवावी, भ्रमणध्वनी खिशात ठेवावा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत धीर धरावा. प्रारंभी मुले कंटाळतील, कदाचित घाबरतीलही. पण पहिला काजवा चमकला, की तीच आपल्याला बोटाने गप्प राहण्याची खूण करतील.

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मोठ्याने बोलू नये, वस्तूंना हात लावू नये, हे आपण मुलांना लहानपणीच सांगतो. रान हेही कोणाचे तरी घर आहे, एवढेच त्यात जोडायचे आहे. येत्या ज्येष्ठात भंडारदऱ्याला जरूर जावे. पण यजमानाने पुन्हा बोलवावे, असे पाहुणे होऊन जावे.