आठ इंचांची जीटीओ

मोटारीचा रंग उडाला तर गॅरेजवाला असतो. पण मोटार जेमतेम आठ इंचांची, प्लॅस्टिकची आणि वयाने साठीची असेल तर?

साठच्या दशकात अमेरिकेला ‘मसल कार’चं वेड लागलं होतं. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात दांडगं इंजिन बसवायचं, एवढाच तो मामला. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ त्यातली गाजलेली. तिचं इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं. आपल्याकडे तेव्हा अकराशे सीसीची फियाट धावत होती, म्हणजे हिशेब करा! खरी जीटीओ बापाला परवडो न परवडो, पोराला दीड-दोन डॉलरमध्ये अशा गाडीचा संच मिळे. एएमटीसारख्या कंपन्या १/२५ प्रमाणातले सुटे भाग खोक्यात घालून विकत. पोरं ते चिकटवत, रंगवत, आणि वर्षभरात कंटाळून माळ्यावर टाकत.

ती मुलं आज सत्तरीच्या घरात आहेत. खोक्यातून निघणाऱ्या त्यांच्या गाड्यांना छंदिष्टांच्या बोलीत ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात. काचेवर बोटांचे ठसे, दारावर ब्रशने फासलेला जाड रंग, एक चाक बेपत्ता. तरीही त्या कुणी फेकत नाही, कारण पुढच्या वर्षीचं मॉडेल आलं की कंपन्या बहुधा जुनाच साचा कोरून बदलत. त्यामुळे कित्येक गाड्यांची मूळ बॉडी पुन्हा निघालीच नाही. हातातली तुटली की संपलं.

म्हणून जाणकार आधी हत्यार उचलतच नाहीत. गाडी पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो आणि सांधा हलक्या हाताने सुटतो. जोर केला तर छताचा खांबच हातात येतो. मग रंग उतरवणं. काहीजण ब्रेक ऑइल वापरतात, काहीजण आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंब टाकून पाहायचा, हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या आणि विस्तव लांब. बंपरवरचा काळवंडलेला चकचकाट म्हणजे अॅल्युमिनियमचा पातळ थर. तो कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये थोड्या वेळात निघून जातो. मात्र ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही रसायन मिसळायचं नाही. विषारी वायू निघतो. मुलं मदतीला असतील तर त्यांना घासायचं काम द्यावं, रसायनांचं नाही.

एक खोडी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. मऊ व्हिनाइलच्या टायरमधून वर्षानुवर्षं एक तेलकट द्रव्य पाझरतं आणि शेजारचं प्लॅस्टिक चक्क वितळवतं. टायर चाकाला चिकटून बसलेला दिसला तर समजावं.

पण प्रत्येक जुनी गाडी रंगवायचीच असं नाही. मोटारींच्या शोरूममधून दिली जाणारी तयार नमुना-मॉडेल्स कारखान्याच्याच रंगाची असत. त्यांना नवा रंग लावणं म्हणजे मूळ चीजच गमावणं. आणि थोरल्या भावाने दहाव्या वर्षी केलेली गाडी असेल, तर त्या ओबडधोबड रंगाखाली त्याचाच हात आहे. तो एकदा उतरला की परत चढत नाही. घरच्यांना विचारूनच डबा उघडलेला बरा.

रंगवायचंच ठरलं, तर दारांच्या रेघा सुईने पुन्हा खोल कराव्यात, नाहीतर रंगाने त्या बुजतात. प्लॅस्टिकवर थेट तीव्र लॅकर मारला तर पृष्ठभाग तडकतो, म्हणून आधी प्रायमर, मग पातळ-पातळ हात. चमकीचा रंग खऱ्या गाडीचा घेऊ नये. आठ इंचांवर ती चमकी खडीसारखी दिसते.

अक्षरांची युक्ती मोठी गोड आहे. बॉडीवरच्या उठावदार नावावर रंगाआधीच धातूची पातळ चिकट पन्नी दाबून बसवतात. रंग सुकला की अक्षरांच्या माथ्यावरून थिनरची काडी अलगद फिरवतात. रंग निघतो, आणि ‘जीटीओ’ चांदीसारखं उमटतं.

सुकण्याची घाई मात्र नको. एनॅमलला आठवडाभर, कधी जास्तही लागतो. हात लावून पाहिला तर बोटाचा नवा ठसा उमटतो. त्यापेक्षा गाडी नाकाशी धरावी. रंगाचा वास येत असेल तर परत खोक्यात.