पन्नास रुपयांची करुणा

नायगावच्या किंवा डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या नवदीक्षित बौद्ध कुटुंबांना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. विचारणारा कधी शेजारी असतो, कधी कचेरीतील सहकारी असतो, आणि आपण समोरच्याला पुरते कोंडीत पकडले आहे असा भाव त्याच्या मुद्रेवर असतो. तो म्हणतो, "तुमचा धम्म अहिंसेचा. तुमचे पहिले शीलच प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे. मग सरकारने गोवंशहत्याबंदीचा कायदा केला, तेव्हा तुम्ही पेढे का वाटले नाहीत?"

हा प्रश्न टाळण्याचे आपल्याला काही कारण नाही. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच लिहिलेले आहे. ते उघडून वाचण्याची तसदी मात्र प्रश्नकर्ता घेत नाही. ती तसदी आज आपण घेऊ.

महाराष्ट्रात मुक्या जनावरांसंबंधी दोन प्रमुख कायदे लागू आहेत. पहिला संसदेचा, १९६० सालचा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम. दुसरा राज्याचा, १९७६ सालचा प्राणी रक्षण अधिनियम. या दुसऱ्या कायद्याने गाईच्या कत्तलीस प्रथमपासूनच बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने त्यात दुरुस्ती करून वळू व बैल यांनाही ती बंदी लागू केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ही दुरुस्ती मार्च २०१५ पासून अंमलात आली.

आता दोहोंतील शिक्षा शेजारी शेजारी मांडा. निकामी झालेल्या बैलाची कत्तल करणाऱ्यास राज्याच्या कायद्याने ५ वर्षांपर्यंत कारावास आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. राज्यात मारलेल्या अशा जनावराचे मांस जवळ बाळगणाऱ्यास १ वर्षापर्यंत कारावास आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. आणि तोच बैल जिवंत असताना त्याला उपाशी ठेवणाऱ्या, तहानेने तळमळू देणाऱ्या, खांद्याला जखम असताना जू लादणाऱ्या आणि आराने टोचून रक्तबंबाळ करणाऱ्या मनुष्यास काय शिक्षा? १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड! तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला, तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

वाचकहो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. मेलेल्या बैलाचे मांस घरात सापडले तर तुरुंग. जिवंत बैलाचा छळ केला तर पन्नास रुपये. मग या धोरणाला करुणा म्हणावयाचे काय?

यावर आमचा एखादा विद्वान वकीलमित्र म्हणेल की, जनावरास ठार मारणे वा जायबंदी करणे यासाठी दंडविधानात वेगळे कलम आहे. आहे खरे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ते कलम ३२५, आणि त्याखाली ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही आहे. परंतु तो गुन्हा 'आगळीक' या सदरात मोडतो. त्याचा पाया कोणाचे तरी नुकसान हा आहे. म्हणजे कायदा तेथे जनावराच्या वेदनेचा विचार करीत नसून मनुष्याच्या मालमत्तेचा विचार करतो. वेदनेचा विचार करणारा कायदा एकच, तो १९६० चा. आणि त्याची किंमत पन्नास रुपये.

ही किंमत वाढवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात संसदेला सांगितले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्धही केला. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. उलट ज्या शर्यतींवर न्यायालयाने बंदी घातली, त्या पुन्हा भरविता याव्यात म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली तातडीने दुरुस्ती केली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. बैलाला मारणे हे महापाप, पण त्याला पळविणे ही परंपरा! परंपरेसाठी कायदा झटपट बदलतो. बैलाच्या पाठीवरील वळांसाठी तो बदलत नाही.

आणि म्हशीचे काय? मुंबईच्या अनेक घरांत सकाळचा चहा होतो तो म्हशीच्या दुधाचा. तिला वेदना गाईपेक्षा कमी होतात असे कोणत्याही पशुवैद्याने सांगितलेले नाही. तरीही या कायद्याने तिला अभय दिलेले नाही. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मिळाला की तिची कत्तल कायदेशीर ठरते. करुणा जर कायद्याचा पाया असती, तर तिने गाय आणि म्हैस असा भेद केला नसता. हा भेद पावित्र्याचा आहे. प्राणिमात्रांत कोण पवित्र आणि कोण अपवित्र हे जन्मावरून ठरविणारी ही दृष्टी आपल्या पूर्वजांच्या चांगलीच ओळखीची आहे. तीच दृष्टी गावकुसाबाहेर माणसांनाही लागू केली गेली होती.

येथे प्रश्नकर्ता आपला हुकमी पत्ता टाकतो. "कलम ४८ तुमच्या बाबासाहेबांच्याच घटनेत आहे ना?" होय, आहे. पण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, मूलभूत हक्कांत नाही. आणि त्याचा आरंभ कृषी व पशुसंवर्धन यांची आधुनिक शास्त्रीय पद्धतीने उभारणी करण्याच्या कर्तव्यापासून होतो. १९५८ साली कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच हिशेबाने निकाल दिला होता: गाईच्या कत्तलीवरील बंदी वैध, परंतु निकामी झालेल्या बैलांवरील सरसकट बंदी वाजवी नाही, कारण चारा अपुरा आहे आणि तो कामाच्या जनावरांच्या तोंडातून काढला जातो. २००५ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात ते मत फिरविले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्राची बंदी उचलून धरली; मात्र राज्याबाहेर मारलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे कलम, ही दोन्ही रद्द केली. नागरिकाच्या स्वयंपाकघराचे झाकण उघडून पाहण्याचा अधिकार सरकारला नाही, हाच त्या निकालाचा अर्थ. तो आपण विसरता कामा नये.

आता या पावित्र्याची किंमत कोण मोजतो ते पाहू.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईस 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले, आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी दररोज ५० रुपये अनुदानाची योजना जाहीर केली. पन्नास रुपये हा आकडा आपण वर पाहिलेलाच आहे. हे अनुदान गोशाळेला. विदर्भ-मराठवाड्यातील जो कोरडवाहू शेतकरी आपला थकलेला बैल दारातच बांधून त्याला स्वतःच्या घासातला घास घालतो, त्याला यातून एक पैसाही नाही. पूर्वी तो म्हातारा बैल विकून नव्या बैलासाठी पैशाची जोड करीत असे. तो मार्ग बंद झाला. पुण्य सरकारच्या खात्यावर आणि खर्च कुणब्याच्या!

आणि बैल अखेर मरतो, तेव्हा? १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस टाकून द्या, असे बजावले. मेलेली ढोरे ओढणे हे ज्या वतनी चाकरीचे अंग होते, त्या महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. महाराष्ट्रातील आपल्या लोकांनी हे काम टाकले म्हणून गावोगाव बहिष्कार सोसले. आणि ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणविणाऱ्यांनी उघडे करून, मोटारीला बांधून, भर रस्त्यात फोडून काढले. काम टाकले तर बहिष्कार, काम केले तर मार! एप्रिल २०१८ मध्ये त्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांनी कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले हे या पाक्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

जनावरांवरील दया माणसावर अन्याय न करताही अंमलात आणता येते, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला कामगार वस्ती 'बैलघोडा' म्हणून ओळखते, ते १८८० च्या दशकापासून उभे आहे. तेथे बैल, घोडा, कुत्रा, मांजर, सर्वांवर उपचार होतात. दुखणे काय एवढेच तेथे विचारतात. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या त्या घोड्यांचे हाल सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पण न्यायालयाने गाड्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास सरकारला सांगितले. योजना कागदावरून उतरण्यास विलंब लागला, ती सरकारची रीतच आहे. पण तत्त्व योग्य होते. घोड्याची सुटका करताना त्याच्या मालकाची चूल विझू नये. २०१५ सालीच आलेल्या गोवंशबंदीच्या कायद्यात मात्र खाटीक, कातडी कमावणारा ढोर, चप्पल शिवणारा चांभार यांच्या पोटापाण्याची कसलीही तरतूद नव्हती.

दादरचा कबुतरखाना हे याचेच दुसरे उदाहरण. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. कारण उघड होते: कबुतरांच्या विष्ठेची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. महापालिकेने दादरला ताडपत्री टाकली. ६ ऑगस्ट रोजी जमाव आला आणि त्याने ती फाडली. उच्च न्यायालयाने दाणे टाकण्यास परवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, तरी पुढे महापालिकेने चार ठिकाणी मर्यादित वेळेत दाणे टाकण्याची तात्पुरती मुभा दिलीच. लालबाग-परळच्या गिरण्यांत दोन-तीन पिढ्यांच्या छातीत कापसाचे तंतू साचले. त्यांच्या फुप्फुसांसाठी असा कोणता जमाव धावून आला होता? मूठभर ज्वारी टाकून पुण्य मिळवावे आणि त्याचा खोकला शेजारच्या म्हाताऱ्याने काढावा, हे दान नव्हे. परपीडेच्या भांडवलावर केलेला हा व्यापार आहे.

भगवान बुद्धांनी या विषयावर काय सांगितले? दीघनिकायात कूटदंत नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. यज्ञासाठी त्याने शेकडो जनावरे खांबाला आणून बांधली होती. भगवंतांनी त्याला एका प्राचीन राजाच्या यज्ञाची हकीकत सांगितली. त्या राजाने आधी शेतकऱ्यास बियाणे दिले, व्यापाऱ्यास भांडवल दिले, चाकरास वेतन दिले. मग जो यज्ञ झाला त्यात एकही गाय वा बकरा मारला गेला नाही, आणि एकाही मजुरास दंड्याच्या धाकाने, रडतरडत राबावे लागले नाही. ध्यानात घ्या, एकाच प्रसंगात जनावराचा जीव आणि मजुराचे अश्रू यांचा एकत्र विचार झालेला आहे. ही बौद्धांची करुणा. जी करुणा पहिल्यासाठी दुसऱ्याला रडविते, ती आमची नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. १९६० च्या कायद्यातील दंड आजच्या काळास शोभेल इतका वाढवावा, आणि छळ हा गाईचा असो, म्हशीचा असो वा गाढवाचा असो, शिक्षा सारखी असावी. म्हातारे जनावर पोसणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्या दारात अनुदान मिळावे. मृत जनावरांची विल्हेवाट स्थानिक संस्थांनी यंत्राने व पगारी नोकरांकडून करावी, आणि ते काम कोणत्याही जातीच्या माथी मारू नये. प्राण्यांसाठी कायदा करताना ज्याचा धंदा बुडेल त्याच्या पुनर्वसनाचे कलम त्याच कायद्यात असावे.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण उभे राहून घेतली आहे. तेव्हा गावाहून जत्रेचा निरोप आला आणि मरीआईच्या किंवा म्हसोबाच्या नावाने बोकडाची वर्गणी मागितली, तर ती देऊ नका. धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या हत्येस १९६० च्या कायद्याचे कलम २८ गुन्हा मानीत नाही. पण कायद्याने सूट दिली म्हणून शीलाने दिलेली नाही. खिडकीत पिंजरा टांगून त्यात देशी पोपट कोंडला असेल तर तो ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. चाळीच्या जिन्याखालच्या कुत्रीला पोरे दगड मारीत असतील, तर त्यांचा हात धरा.

मग तो शेजारी पुन्हा विचारावयास आला, की त्याला बसवून चहा द्या आणि कलम ११ वाचून दाखवा. त्याला म्हणावे, "दादा, बैलाच्या वेदनेची किंमत पन्नास रुपयांवरून वाढविण्याच्या अर्जावर आमची सही तयार आहे. आता तुमची करा."

जयभीम.