फादर आले म्हणजे आटोपलं?

वसईतल्या एका मित्राच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. वय ऐंशीच्या पुढे. आदल्या दिवशी भेटायला गेलो तर एक्स-रे, मेडिक्लेमचं कार्ड, थर्मास अशी सगळी तयारी दाराशी. "फादरना कळवलंस का?" असं सहज विचारलं, तर मित्राने मला ओटीवर नेलं आणि हळूच म्हणाला, "फादर तेल घेऊन आले तर आईला वाटेल, आटोपलं."

त्याचं तरी काय चुकलं? आजाऱ्याला तेल लावण्याचा हा कॅथलिक संस्कार कित्येक शतकं 'अंतिम अभ्यंग' म्हणूनच ओळखला जायचा. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय यांना तेल लावायचं आणि माणसाची पाठवणी करायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली 'आजाऱ्यांचा अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवलं. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी विधीही सुटसुटीत केला. आता तेल लागतं ते फक्त कपाळाला आणि तळहातांना. गंभीर दुखण्याच्या ऑपरेशनआधी हा संस्कार घेता येतो, म्हातारपणाने थकलेल्यांना घेता येतो, दुखणं उलटलं तर पुन्हाही घेता येतो. ऑलिव्हचं तेल मिळालं नाही तर दुसरं वनस्पतीचं चालतं. म्हणजे आपलं खोबरेलही. पन्नासहून अधिक वर्षं झाली, घरातली भीती मात्र जुनीच आहे. खरं तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तेल आहे ते आजारी माणसासाठी, मरायला टेकलेल्यासाठीच नव्हे.

दुसरं टोक प्रार्थनेने बरं करण्याच्या चंगाई सभांचं. तिथे माइकवरून गोळ्या फेकून द्यायला सांगणारे प्रचारक मी ऐकले आहेत. हे बायबल कुठलं वाचतात कोण जाणे! बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं चालत्या झाडांसारखी दिसली. येशूला पुन्हा हात ठेवावा लागला. पौलाने तीनदा विनवलं, तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. कॅथलिक बायबलमधल्या सिराक ग्रंथाचा ३८वा अध्याय तर वैद्याचा मान राखायला सांगतो, औषधं देवानेच जमिनीतून उगवविली म्हणतो. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, ते देव बरं करतो असं मानणाऱ्यांच्याच हातून. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३पासून डॉक्टरांची कचेरी आहे. बरं झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तिथे तपासल्या गेल्या; त्यातल्या ७२च चर्चने २०२५पर्यंत चमत्कार म्हणून मान्य केल्या. चमत्काराच्या बाबतीत चर्च एवढं चिकट आहे, हे मला आवडतं.

त्या संध्याकाळी मित्राच्या आईनेच विचारलं, "फादरना सांगितलं की नाही कुणी?"

फादर स्कूटरवरून आले. खिशातून बामच्या डबीएवढी डबी काढली, आत तेलात भिजलेला कापूस. अंगठ्याने कपाळावर क्रूस, मग दोन्ही तळहातांवर. दहा मिनिटांत सगळं झालं. नंतर आईने सुनेला फादरसाठी चहा टाकायला सांगितलं, साखर किती तेही सांगितलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली की फादरना त्याच दिवशी फोन करा. व्हेंटिलेटर लागेपर्यंत थांबू नका. प्रार्थनेला 'आमेन' म्हणायचं असतं, ते आजाऱ्याला स्वतःच्या तोंडाने म्हणता येऊ द्या.