आवळा, धरा, सोडा
जाऊबाई मेथी निवडत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. “माझा व्यायाम,” म्हणाल्या आणि निवडतच राहिल्या, तो झालासुद्धा! ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, धरायचे, पूर्ण सैल सोडायचे. डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८मध्ये मांडलेला हा व्यायाम शिंकताना-हसताना लघवी निसटणाऱ्या कितीतरी बायकांना उपयोगी पडतो. अडतं ते रोज करण्यात. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठाचं ‘टेट’ अ‍ॅप म्हणूनच ३ महिने आठवण करून देत राहतं. मात्र नेमका स्नायू कोणता, हे आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पोट नि मांड्या आवळून काही साधत नाही. आणि मैत्रिणींनो, ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी प्रत्येकीला हा व्यायाम शिकवलाच पाहिजे.