खोलीचे भाडे ठरविणार कोण?

इ. स. 1917 मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. दीड रुपया रोज देऊन ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस, केवळ जातीमुळे, तेथून बाहेर काढले. भाडे देण्यास ते तयारच होते. पैसा असला म्हणजे छप्पर मिळतेच असे नाही, हे आपल्या कुटुंबांस नव्याने सांगावयास नको. योजना आखणाऱ्यांस मात्र ते सांगावे लागते.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने 2016-17 या वर्षापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते, हे स्तुत्यच आहे. मूळ निर्णयात मुंबई-पुण्यासारख्या शहरांकरिता वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. इतर शहरांस त्याहून कमी. निवासाचा हिशेब महिन्याला 1,700 रुपयेही भरत नाही. तेवढ्यात खारघरला किंवा कामोठ्यास चौघांच्या खोलीतील एक कोपरा तरी मिळतो काय, हे तेथे राहणाऱ्या मुलास कोणी विचारले होते?

आणि रकमेहून अधिक त्रास वेळेचा आहे. घरमालक अनामत मागतो ती पहिल्याच दिवशी. सरकारी पैसा मात्र प्रवेश, अर्ज, छाननी या सर्व पायऱ्या ओलांडून येतो. मधल्या महिन्यांत मूल सावकाराकडे जाते किंवा शिक्षण सोडून गावी परतते. भाडेकराराचे कागद नित्य हाताळणाऱ्या माझ्यासारख्या वकिलास आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: करार एकाच्या नावे होतो आणि खोलीत चौघे राहतात. उरलेल्या तिघांनी राहत्या जागेचा पुरावा आणावा कोठून? आडनाव ऐकून मालकाची खोली एकाएकी ‘दिली गेली’ असे होते, त्याचा रकाना तर कोणत्याच अर्जात नसतो.

कायद्याची गंमत पाहा. 2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे बालकास आपल्या हिताच्या निर्णयात म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. तोच मुलगा अठरा वर्षांचा होऊन बालगृहाबाहेर पडला की कलम 46 त्यास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ एवढेच म्हणते. छप्पर गेले, त्याबरोबर बोलण्याचा हक्कही गेला.

तरुणांस पैसा व शब्द दोन्ही दिले तर ते उधळतील, असे आपल्यातलेही काही वडीलधारे म्हणतात. हा आक्षेप मला पटत नाही. दूधवाल्याचे, खाणावळीचे, रेल्वेच्या पासाचे गणित त्यांच्याइतके कोणास येते? न्यूयॉर्क शहरात 2022 मध्ये बेघर तरुणांस दरमहा 1,250 डॉलर रोख देण्याचा प्रयोग सुरू झाला; त्याच्या आखणीत बेघरपण भोगलेले तरुण सामील होते.

आपली मागणी याहून मोठी नाही. स्वाधारचे दर व नियम बदलण्यास जी समिती बसेल तीत सध्याचे लाभार्थी असावेत, त्यांत मुलीही असाव्यात, आणि अनामतीपुरती रक्कम प्रवेशासमयीच मिळावी. तोवर पनवेलच्या प्रत्येक घराने आपल्या मुलामुलींकडून एक कागद लिहून घ्यावा: अनामत कधी व किती दिली, भाडे किती, पैसा खात्यात कोणत्या तारखेस आला, कोणत्या दारातून परतावे लागले. ते कागद एकत्र करून अलिबागच्या समाजकल्याण कार्यालयात देऊ, आणि पोच घेतल्याखेरीज तेथून निघू नये.