जात पुकारली की गुण घसरतात!

‘मागासवर्गीय मुले बुद्धीने कमीच’ या मनुवादी समजाला एका प्रयोगाने चोख उत्तर दिले आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित व सवर्ण मुले बरोबरीत होती. बाप-आजाच्या नावासह जात सर्वांसमक्ष पुकारली, तेव्हा दलित मुले मागे पडली. कोडी तीच, फरक पडला जात पुकारल्याने!

जागतिक बँकेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले हे संशोधन इंग्रजी अहवालांतच का राहावे? शिष्यवृत्तीची यादी जातीसकट मोठ्याने वाचणाऱ्या गुरुजींना ते कोण सांगणार? आपणच! पालकसभेत, विहारात, वसतिगृहात ते सांगू या.